मदत हवी आहे: बाबांना लकवा होऊन साडेचार महिने झाले, चालणं 15 पावलांवर अडकलंय

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, नंदनवनला राहते. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहून राहिले, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा 63 वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते, 32 वर्षं. जानेवारीत एका सकाळी दात घासताना हातातून ब्रश पडला, आईला वाटलं थंडीनं हात बधिर झाला असेल, ते परत जाऊन झोपले आणि उठले तेव्हा तोंड वाकडं झालेलं. धंतोलीतल्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत सहा तास होऊन गेले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते हुकलं. हे आईच्या मनातून अजून जात नाही, तो विषय असू द्या. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं थोडं बोबडं आहे, शिव्या मात्र स्पष्ट येतात.

11 दिवसांनी घरी आणलं. फेब्रुवारीत पलंगावर आपले आपण बसायला लागले, मार्चमध्ये धरून उभे राहिले आणि गुढीपाडव्याला आईच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत चालत येऊन गुढीला नमस्कार केला. आम्ही सगळे रडलो. मला वाटलं आता दोन महिन्यांत गल्लीच्या टोकापर्यंत जातील. पण तेव्हापासून गाडी जी अडकली ती अडकलीच. हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत 15 पावलं, बस. तेही मी डाव्या बगलेत हात घालून उचलून धरते तेव्हा.

चालतात कसे ते सांगते. गुडघा वाकत नाही, अख्खा पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात आणि चवडा लोंबतो त्यामुळे बोटं फरशीला घासतात. डाव्या पायातली चप्पल निघून मागे राहते आणि त्यांना पत्ताच नसतो, तसेच एका चप्पलेवर पुढे. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज आपटतो, रोज! मी म्हणते बाबा बघून चाला ना, तर म्हणतात बघूनच तर चालून राहिलो. ज्या माणसानं भिवापूर-उमरेडच्या खड्ड्यांतून दांडी न धरता तिकिटं फाडली, त्याला स्वतःच्या घरातलं दार दिसू नये?

एप्रिलमध्ये कूलरचं पाणी गळून फरशी ओली झाली होती, त्यात घसरून पडले. लागलं नाही, पण भीती बसली. आता उभं करायला गेलं की दिवाणाची कड सोडत नाहीत. काठी आणली तर हात लावत नाहीत, समोरच्या बिल्डिंगमधले बघतात म्हणे.

फिजिओ घरी येतात, एका वेळचे 500. अर्धा तास असतात, त्यातली 25 मिनिटं बाबांना पलंगावर झोपवून पाय वरखाली करतात आणि शेवटची पाच मिनिटं चालवतात. मागच्या आठवड्यात त्यांनी बाबांसमोरच सांगून टाकलं की जे यायचं ते तीन महिन्यांत येतं, आता एवढंच समजा. त्या दिवसापासून बाबांनी सोडूनच दिलं. "कायले कटकट करता, झालं ना आता" एवढंच बोलतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात.

नातेवाईकांचं वेगळंच. मावशी म्हणते राजस्थानात नागौरजवळ बुटाटीला न्या, सात दिवस राहून परिक्रमा घालायची. एक काका कबुतराच्या रक्ताची मालिश सांगून गेले, आईनं त्यांना चहा देऊन हात जोडले.

खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून करतात तो) पूर्ण बंद आहे (दिवसाला चार-पाच व्हायचे, त्याचाही राग आमच्यावरच निघतो). बीपी आटोक्यात आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज सुरू आहे. जेवणात मीठ कमी केलंय आणि कौतुक म्हणजे चटणी-लोणचं त्यांनी स्वतःहून सोडलं, ताटात तसंच ठेवतात.

विचारायचं एवढंच, तीन महिन्यांनंतर खरंच काही होत नाही का? कोणाच्या घरी यानंतर सुधारणा झाली असेल तर प्लीज सांगा. आणि न ऐकणाऱ्या माणसाला उठवायचं कसं?

तर्रीपोहे_वाला

ताई, आमच्या आजोबांना झाला होता, तेव्हा आम्ही मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, फिजिओथेरपी विभागात नेत होतो. रांग लागते, सकाळी लवकर जावं लागतं, पण तिथे समांतर दांड्या असतात, दोन्हीकडून धरून चालता येतं, त्यामुळे पडायची भीती निघते. घरच्या घरी ते होत नाही. ऑटोत बसवता येत असेल तर नेऊन बघा. कबुतरवाल्या काकांना माझाही नमस्कार.

न्यूरो_फिजिओ

मी फिजिओ आहे, लकव्याचेच पेशंट जास्त बघते. बाबांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तेवढं धरून वाचा.

आधी एक विचारते. ती चटणी-लोणचं ताटात डावीकडेच वाढता ना, आपण सगळे वाढतो तसं? मग त्यांनी ते सोडलं नसावं. त्यांना ते दिसत नसावं. डोळे चांगले असतात, पण मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डाव्या बाजूचं भानच जातं, याला नेग्लेक्ट म्हणतात. चौकट आपटणं, चप्पल निघालेली न कळणं, सगळं त्यातच बसतं. आज जेवताना ताट अर्धं फिरवून द्या, चटणी उजवीकडे येऊ द्या आणि काय होतं बघा. कागदावर घड्याळ काढायला सांगा, आकडे सगळे उजवीकडे गोळा झाले तर न्यूरोच्या डॉक्टरांना नक्की सांगा. हा हट्ट नव्हे हो, त्या माणसाला अर्धी खोली नसल्यासारखीच आहे.

त्यावर उपाय म्हणजे डावीकडे बघायची सवय लावणं. टीव्ही, पाणी, मोबाइल हळूहळू डावीकडे सरकवा, बोलताना डावीकडे बसा, चौकटीला डाव्या बाजूनं लाल टेप लावा आणि दाराशी आलं की "लाल कुठाय" विचारा.

दुसरं, बगलेत हात घालून उचलणं आजच्या आज बंद. लकव्याचा खांदा सैल असतो, असं ओढलं की सांध्यातून सरकतो आणि मग जे दुखणं लागतं त्यापायी माणूस चालायचंच नाव काढत नाही. कमरेला जाड पट्टा नाहीतर घट्ट गमछा बांधा, तुम्ही डाव्या बाजूला थोडं मागे राहा आणि पट्टा धरा.

काठी उजव्या हातात, चार पायांची असेल तर बरं. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. लोंबणाऱ्या चवड्यासाठी एएफओ नावाचा प्लास्टिकचा स्प्लिंट येतो, पायाचं माप देऊन बनवून घ्या, बोटं घासणं बरंच कमी होईल. पोटरी कडक झाली असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यावर गोळ्या आहेत, बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात.

तीन महिन्यांचं म्हणाल तर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, त्यानंतर दार बंद होतं हे खोटं. अमेरिकेत 408 पेशंटवर केलेला अभ्यास 2011 मध्ये छापून आला. काहींना कमरेला पट्टे लावून अर्धवट टांगून ट्रेडमिलवर चालवलं आणि काहींना घरीच फिजिओनं ताकदीचे, तोलाचे व्यायाम दिले. ट्रेडमिलवाल्यांतल्या एका गटाचं तर सुरूच सहा महिन्यांनी केलं होतं. वर्ष झालं तेव्हा सगळे गट सारखेच पोचले आणि निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचं चालणं वरच्या टप्प्यात गेलं. म्हणजे महागडं मशीन नसलं तरी अडत नाही, पण झोपवून पाय हलवण्यानं चालणं येत नाही, चालण्यानं येतं. फिजिओला स्पष्ट सांगा, 25 मिनिटं उभं राहणं, बसणं-उठणं, चालणं आणि पाच मिनिटं पलंग. दिवाण ठेंगणा असेल तर खाली विटा लावून उंच करा आणि तिथूनच बसा-उठा, सकाळ-संध्याकाळ 10-10 वेळा.

पाऊल बरोबर पडत नसेल तर ठेका धरून चालवून बघा. मोबाइलमध्ये टिकटिक वाजवायचं ॲप असतं.

अंबाझरीचा_कासव

मी स्वतः पेशंट. 2018 मध्ये झटका आला, उजवी बाजू. पाचव्या महिन्यात मी पण भिंतीकडे तोंड करून पडलो होतो म्हणून लिहितो. आळस नव्हता तो. विनाकारण रडू यायचं, जेवण नको, माणसं नको. बायकोनं न्यूरोवाल्यांना सांगितलं, त्यांनी त्याची गोळी दिली, महिनाभरानं व्यायाम करावासा वाटायला लागला. लकव्यानंतर असं बऱ्याच जणांना होतं म्हणाले ते. तेव्हा बाबांचं हे डॉक्टरांच्या कानावर घालाच.

फिजिओताई छान सांगतात, पण पूर्वीसारखं होईल असं डोक्यात घेऊ नका. आठव्या महिन्यात मी काठी घेऊन घराबाहेर पडलो, दीड वर्षानं काठी सुटली आणि आजही संध्याकाळी थकलो की पाय घासतो. लोक बघतात म्हणाल तर पहिले चार दिवस बघतात, पाचव्या दिवशी तेच खर्रा घोटत बसलेले असतात.

नंदनवनची_ताई (धागा काढणारी, नऊ दिवसांनी)

सगळ्यांना काय म्हणू. त्याच रात्री ताट फिरवलं. बाबांनी चटणी बोटानं चाटून संपवली आणि आईला म्हणाले, "आज कशी काय आठवण झाली चटणीची?" आई उठून आत गेली. चार महिने आम्ही त्यांना चिडचिडे, हट्टी म्हणत होतो हो. घड्याळ काढलं तर बारापासून सहापर्यंतच आकडे, पुढचे नाहीच. न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मन उदास राहण्यावर एक गोळी सुरू केली, दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले.

दिवाणाखाली विटा लावल्या. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर टाकला. फिजिओंना सांगितलं तर त्यांना राग आला आणि दोन दिवस आलेच नाहीत, आता मेडिकलला जातोय, सकाळी साडेसातला निघतो कारण दहानंतर या उन्हात त्यांना ऑटोत बसवणं म्हणजे तंदूरच.

ठेक्याचं ऐका. मोबाइलची टिकटिक बाबांना अजिबात चालली नाही, घड्याळ दुकानात बसल्यासारखं वाटते म्हणाले. मग म्हणाले पंच असता तर. तिकिटाचा पंच हो, बसमध्ये टकटक वाजवत फिरायचे तो. पण तो रिटायर होताना जमा केलेला. आईनं माळ्यावरून आजीचा अडकित्ता काढला, आता ती सुपारीविना कटकट वाजवत पुढे चालते आणि बाबा मागून. ती चुकली की ओरडतात, "अशानं गाडी लेट होईल." काल 22 पावलं झाली, लाल टेपपाशी थांबून बघितलं आणि खांदा न आपटता स्वयंपाकघरात गेले. आज मात्र 14 वरच बसले, कंटाळा आला म्हणे.

एएफओचं माप देऊन आलोय, शनिवारी मिळेल. त्यावर बूट मोठा लागेल ना? मग एका पायाचा मोठा आणि एका पायाचा नेहमीचा असा जोड बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कोणी देतं का, की दोन जोड घ्यावे लागतील? मागे पट्टा असलेली सँडल त्यावर बसते का?