सरपंचपदाची उमेदवार, हरवलेले दोन तास आणि अडलेलं १३ वं पान

शेतवाट (अमळनेर तालुका)
पॉल कॉर्नेल आणि रायन केली यांची 'सॉसर कंट्री' ही कॉमिक मालिका (२०१२-१३, १४ अंक) कुणी वाचली आहे का? न्यू मेक्सिकोची गव्हर्नर आर्केडिया अल्वाराडो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहते आणि नेमकं तेव्हाच तिला आठवू लागतं, की परग्रहवासीयांनी आपल्याला उचलून नेलं होतं. प्रचार चालू ठेवायचा, मतदारांना कळू द्यायचं नाही आणि शोधही घ्यायचा. मी झपाटून गेले!

तसंच काही मी आपल्या मातीत काढतेय. शेताची लाइट रात्रीच येते, म्हणून उमेदवार बाई गव्हाला पाणी भरायला जाते. पहाटे सापडते ती तीन शेतं पलीकडे, चपला मात्र बांधावर. सासू विचारते, "कोठे गयथी व माय?" इथवर १२ पानं झाली. आता तिने हे कॉर्नर सभेत सांगावं का?

पांझराकाठ
ताई, आपल्याकडे याला चकवा म्हणतात. माझे आजोबा रात्रभर एकाच बांधाभोवती फिरले होते. गावाने निमूट ऐकून घेतलं. बाईने तेच सांगितलं तर आधी विचारतील, रात्री एकटी कशाला गेली? विरोधी पॅनल तेवढंच धरून बसेल.

चोपडेकर
मी दोनदा पॅनलचं काम केलंय. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तेवढं चित्रात सांभाळा. कथा जानेवारी २०२१ च्या निवडणुकीची असेल तर सरपंच सदस्यांतून निवडला जायचा; मग सभा राहते बाजूला, सहलीला नेलेले सदस्य मोजावे लागतात. डिसेंबर २०२२ ला थेट जनतेतून. आणि लहान गावात कसली कॉर्नर सभा? प्रचार ओट्यावर होतो.

भुसावळ जंक्शन
बेटी आणि बार्नी हिल यांचं प्रकरण जरूर वाचा. सप्टेंबर १९६१, न्यू हॅम्पशायर, रात्रीचा मोटारप्रवास आणि साधारण दोन तासांचा हिशेबच लागेना. पुढे बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं संमोहित केलं. अपहरण खरंच घडलं असं सायमन यांना वाटत नव्हतं, पण नवरा-बायकोची भीती त्यांनी खरी मानली. तुमच्या गोष्टीत असा एक माणूस हवा.

शेतवाट
भाऊ, तो माणूस म्हणजे सासूच! तिला यान-बिन पटणार नाही, पण सुनेचे गारठलेले पाय तिनेच चुलीपुढे शेकलेत.

चोपडेकर दादा, डिसेंबर २०२२ च धरते, गव्हाचं पाणीही तेव्हाच असतं. सभा काढून टाकली. १३ व्या पानावर ओटा, सात-आठ बाया आणि कुणीतरी तो प्रश्न विचारतं, रात्री एकटी कशाला गेली? सून तोंड उघडायच्या आत सासू म्हणते, "लाइट रातलेच येस." आज रात्री हेच पान काढायला बसते.