मदत हवी आहे: मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तके कशी मिळवावीत?

मी जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका असून माझ्या सातवीच्या वर्गातील एक अल्पदृष्टी विद्यार्थिनी उजेडासाठी दारापाशी बसून, पुस्तक नाकाला टेकेल इतके जवळ धरून वाचते. फळ्यावरचे मात्र तिला शेजारणीकडून ऐकूनच लिहावे लागते. तिच्याकडे 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 17 मध्ये अशा मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व सहायक साधने विनामूल्य देण्याची तरतूद आहे. तरीही दोन अर्जांनंतर ‘यादीत नाव आहे’ एवढेच उत्तर मिळाले. (आईवडील केळीच्या बागेत मजुरीला जातात, जळगावच्या प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो.) मोठ्या अक्षरांतील पुस्तके किंवा भिंग कोणी प्रत्यक्ष मिळवले असल्यास अर्ज कोणाकडे व कोणत्या कागदपत्रांसह केला, हे कृपया कळवावे.