.२२ रायफलला ट्यूनर लावावा का?

मंदार_दादर :
मुंबईत नेमबाजीच्या रेंजवर हल्ली जो भेटतो तो ट्यूनरबद्दल विचारतो. नळीच्या तोंडावर बसवायचं हे छोटं वजन आट्यांवर पुढेमागे करता येतं, आणि त्याची जागा जुळली की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, आवळतो, असं सांगितलं जातं. माझं मत असं, की ५० मीटर रायफल खेळणाऱ्या बहुतेकांनी याच्या नादी लागू नये. तेच पैसे काडतुसांचे लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेले साठे, तपासण्यात घालावेत.

नळी थरथरते यावर वाद नाही. मॅलॉक यांनी १९०१ सालीच रायफलच्या नळीच्या कंपनांवर रॉयल सोसायटीकडे शोधनिबंध दिला होता. मोठ्या बोअरचे नेमबाज दारूचं वजन बदलतात, गोळी किती आत बसवायची ते बदलतात आणि आपल्या नळीला मानवेल असं काडतूस स्वतः घडवतात. .२२ रिमफायर कारखान्यातून भरूनच येतं, त्यात आपण काही करू शकत नाही. आपल्या हातात फक्त लॉटची निवड असते. त्याच नावाच्या, तशाच डब्यातल्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीत अगदी वेगळे वागू शकतात.

आणि ट्यूनरचे पुरावे काय असतात? ट्यूनरच्या प्रत्येक खुणेवर तीन किंवा पाच गोळ्या, त्यातला सगळ्यात लहान ग्रुप निवडायचा आणि त्या खुणेला ‘नोड’ म्हणायचं. काहीही न बदलता पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारत राहिलात तरी एक १० मिमीचा आणि पुढचा १६ मिमीचा सहज निघतो. दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून मोठा असतो. वीस खुणा तपासल्या तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगाने चमकणारच.

अभियंता_ठाणे :
मंदार, आकडेवारीचा मुद्दा पूर्ण मान्य. पण पुरावा गोळा करायची पद्धत चुकीची आहे म्हणून ती गोष्टच खोटी ठरत नाही. थोडं गणित मांडतो.

५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं. समजा, लॉटमधली एक गोळी ३२५ मीटर प्रतिसेकंदाने निघाली आणि दुसरी ३१५ ने. नळी दोन्ही वेळी एकाच कोनात असेल, तर हळू गोळी सुमारे ७ मिमी खाली लागेल, कारण तिला पडायला जास्त वेळ मिळतो. त्यात ग्रुपचा नेहमीचा फैलाव मिसळला, की अचूक नेम धरूनही दहा हुकू शकतो.

आता नळीकडे बघा. ती एका टोकाला घट्ट धरलेली, तलावावरच्या उडी मारायच्या फळीसारखी आहे. गोळी आत साधारण अडीच-तीन मिलिसेकंद असते, आणि तेवढ्यात नळीचं तोंड वर-खाली व्हायला लागलेलं असतं. हळू गोळी बाहेर पडते ती काही शतांश मिलिसेकंद उशिरा. त्या क्षणी तोंड वर चढत असेल, तर हळू गोळीला किंचित जास्त उंच कोन मिळतो आणि तिची घसरण भरून निघते. ट्यूनरचं खरं काम हेच, कंपनाचा वेग आणि गोळी सुटण्याची वेळ जुळवणं. थरथर थांबवणं हे त्याचं काम नव्हे.

लष्करी नेमबाजीत हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेली .३०३ ली-एनफिल्ड घ्या. तिचा बोल्ट जागेवर अडकवणारे खटके मागच्या बाजूला, त्यामुळे बार उडताना ती वेगळ्या तऱ्हेने वाकते. जवळच्या पल्ल्यावर ती पुढे खटके असलेल्या रायफलींच्या मागे पडायची, पण ९०० यार्डांच्या पुढे हीच भरपाई तिच्या कामी यायची.

मंदार_दादर :
तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतो. ही भरपाई एका पल्ल्यापुरती असते, आणि ती फक्त उभ्या रेषेत होते. दहाच्या बाहेर गेलेल्या माझ्या आणि इतरांच्या गोळ्या बघा, निम्म्याहून जास्त आडव्या गेलेल्या असतात. वरळीला दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की झेंडे बघूनच घाम फुटतो. त्या वाऱ्यावर ट्यूनर काय करणार? ट्यूनर लावल्यावर ग्रुप चारही बाजूंनी आवळला असं कोणी सांगितलं, तर मला आधी संशय येतो.

अनघा_प्रशिक्षक :
मंदारदादा, मी मुलांना शिकवते, त्यामुळे माझा विरोध तुमच्याहूनही कडक आहे. नळीच्या टोकाला वजन आलं की तोल पुढे जातो. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, ते चालून जाईल, पण स्टँडिंगमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीला तो फरक लगेच जाणवतो. रायफलच्या वजनाला ८ किलोची मर्यादा आहे ती वेगळीच.

शिवाय खरी थरथर माणसात असते. रायफलची बट खांद्यात दर वेळी वेगळ्या जागी बसली, हाताला बांधायची स्लिंग एक भोक घट्ट झाली, गाल पुढे सरकला, की रायफल वेगळी उसळते. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने कांस्य मिळवल्यापासून पालक साहित्याची यादी घेऊनच येतात. त्या मुलाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन वर्षानुवर्षं पोझिशन घोटली, ते त्या यादीत कुठेच नसतं. त्याचा मला खरंच त्रास होतो.

अभियंता_ठाणे :
अनघाताई, ज्युनिअरच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. मी बोलतोय ज्यांची पोझिशन बसली आहे त्यांच्याबद्दल.

मंदार, ग्रुप मोजणं सोडून द्या. प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफवर घ्या आणि ती लक्ष्यावर किती उंचीवर लागली ते लिहा. एका खुणेवर चाळीस-पन्नास गोळ्या झाल्या की वेग आडव्या अक्षावर आणि उंची उभ्यावर मांडा. भरपाई होत नसेल, तर रेषा चढती दिसेल : जितकी जलद, तितकी वर. खूण बदलल्यावर तो चढ कमी झाला, तर ट्यूनर काम करतोय. चढ तसाच राहिला, तर तुम्ही बरोबर. यात वारा जवळजवळ आड येत नाही, कारण तो मुख्यतः डावी-उजवीकडे ढकलतो. आणि सगळ्यात लहान ग्रुप निवडण्याची लबाडीही होत नाही.

मंदार_दादर :
ही चाचणी मला पटते. ट्यूनरच्या बाजूचं मी ऐकलेलं हे पहिलं असं म्हणणं, जे चुकीचं ठरू शकतं. पण मग ती खांद्यावरून करा. रायफल व्हाइसमध्ये आवळून केलीत, तर मी आकडे मानणार नाही. लोखंडी पकडीतली नळी आणि स्लिंगवर टेकलेल्या माणसाच्या हातातली नळी सारखी कशी थरथरेल? कारखान्याच्या टेस्ट रेंजवर लॉट निवडतानाही मला हीच शंका असते, पण तिथे निदान लॉटची आपसात तुलना होते.

अभियंता_ठाणे :
खांद्यावरून केलं तर तुमची स्वतःची चूकही उंचीत मिसळणार, आणि गोळ्या कितीतरी जास्त लागतील. बरं, हेही बघा : २.६ ग्रॅमची गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ८ किलोची रायफल मागे सरकते जेमतेम ०.२ मिमी. खांद्याला तेवढ्यात फारसं काही करायला वाव नाही, असं माझं मत.

अनघा_प्रशिक्षक :
०.२ मिमी मागे सरकण्याबद्दल बोलताय, पण कोनाचं काय? तुमच्याच हिशेबात दहा हुकायला कोनातला किती बारीक फरक पुरतो ते बघा. त्याच काडतुसाने नीलिंग (गुडघ्यावर) आणि प्रोनमध्ये झिरो, म्हणजे साइटची जुळणी, वेगळी येते, हे थ्री पोझिशनवाला प्रत्येक जण जाणतो. डोक्याची जागा, साइटचा कोन हेही त्यात आहे, पण पकडीचा भाग तुम्ही शून्य धरू शकत नाही. चाचणी दोन्ही तऱ्हेने करा, आधी व्हाइसमध्ये, मग प्रोनमध्ये, एकाच लॉटवर आणि त्याच खुणांवर. दोन्हीकडे चढ त्याच खुणेवर सपाट झाला तर सिनिअर गटाला ट्यूनर सुचवायला माझी हरकत नाही. तोवर माझ्या मुलांच्या पालकांना मी लॉटच घ्यायला सांगणार.

मंदार_दादर :
क्रोनोग्राफची सोय मी बघतो. लॉट एकच हवा, त्यामुळे पूर्ण पेटी आधीच बाजूला काढून ठेवावी लागेल. अभियंता, ट्यूनर तुमचा. आणि पाऊस संपल्यावर, सकाळच्या पहिल्या स्लॉटला, वारा सुटायच्या आत.