एक्झोरा पिवळा पडून राहिला, काय चुकतंय?

बेसावाले:
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ बेस्याला घर बांधून दोन वर्षं झाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून हेजसाठी लाल एक्झोराची आठ रोपं लावली. पहिल्या पावसाळ्यात मस्त गुच्छ आले, आता मात्र जे नवीन पान येतं तेच पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि फूल म्हणाल तर एखाददुसरं. नर्सरीवाला म्हणाला युरिया टाका, दोनदा टाकला, ढिम्म फरक नाही. पाण्याची कमी नाही, रोज बोअरचं देतो, शिवाय कूलरची टाकी दोन-तीन दिवसांनी रिकामी करतो तेही वाया न घालवता ह्यांनाच. गेटजवळची दोन रोपं तेवढी बरी आहेत. उपटून कण्हेर लावू का? बायको म्हणते लावाच.

काळीमाती:
थांबा ना भाऊ, कण्हेरीची घाई कायले. नवीन पान पिवळं अन् शिरा हिरव्या म्हणजे झाडाले लोह मिळून नाही राहिलं. नत्र कमी असतं तं आधी जुनी पानं पिवळी पडली असती, म्हणून युरिया वाया गेला. मातीत लोह असतंच, पण आपल्याकडची काळी माती चुनखडीची, त्यात भिंतीच्या पायाचं सिमेंट, बांधकामाचा मलबा, अन् एक्झोराले पाहिजे आंबट माती. चुन्यात लोह अडकून बसते, मुळांना ओढता येत नाही. संत्रावाल्यांना विचारा, चुनखडीत त्यांचीही झाडं अशीच पिवळी पडतात. भिंतीजवळची मूठभर कोरडी माती वाटीत घ्या, वरून व्हिनेगर टाका, फसफसली तं समजून जा.

टेरेसवाली काकू:
अहो ते कूलरचं पाणी आधी बंद करा!! पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतात, वरून तुम्ही पुन्हा बोअरचंच भरता. कूलरच्या गवतावर पांढरा कडक थर बसतो ना, तोच तुम्ही झाडांच्या मुळाशी ओतताय. मी पण दोन उन्हाळे हेच केलं, जास्वंदीची पानं कडेनी जळाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सावंतवाडीची:
आमच्या गावी हा कोणी विचारलं नाही तरी फुलतो, तांबडी माती ना. इथे जमिनीत माझे दोन मेले, आता मोठ्या कुंडीत आहे, पालापाचोळ्याचं खत भरपूर घालते. अजून एक, गुच्छ फांदीच्या शेंड्याला येतो, त्यामुळे माळी दर पंधरा दिवसांनी कात्रीने हेज सपाट करत असेल तर कळ्याच कापल्या जातायत. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा छाटा आणि मग हात लावू नका.

बेसावाले:
व्हिनेगर टाकून बघितलं. भिंतीजवळची माती सोड्यासारखी फसफसली, गेटजवळची जेमतेम दोन बुडबुडे! आणि कूलरचा पाइप गेटपर्यंत पोचतच नाही, आता कळलं ती दोन का बरी आहेत. मग आता काय टाकू? हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) चालेल?

काळीमाती:
जमिनीत टाकाल तं चुन्यात लवकरच अडकते. फवारा, लिटरला पाच ग्राम, संध्याकाळी, टाइल्सवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. मुळाशी द्यायचं तं चिलेटेड लोह आणा, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलं पाहिजे, साधं ईडीटीए आपल्या मातीत टिकत नाही. पाणी लालभडक होते, घाबरू नका. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होतीलच असं नाही, नवीन पालवी बघा. बाकी आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आहे, छाटणी नको, उपटून हलवणं तं बिलकुल नको. वरून हिरवी नेट, बुडाशी चार बोटं वाळका पाला. पाऊस लागला की भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे लाल माती अन् शेणखत भरून हलवा, पावसाचं पाणी या झाडाले अमृत.

बेसावाले:
धन्यवाद राजेहो. कण्हेर रद्द. फक्त कूलरचं पाणी आता टाकू कुठे?

टेरेसवाली काकू:
गेटबाहेर रस्त्यावर शिंपडा, धूळ तरी बसेल. गाडी मात्र धुऊ नका त्यानी, काचेवर ठिपके पडतात 😀