लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) सोर्समधून बिल्ड होत नाही, कंपायलर जुना म्हणतोय – तातडीने मदत हवी

रात्रपाळी: मेक (बिल्डची कमांड) दिलं की सुरुवातीलाच 'कंपायलर इज टू ओल्ड' येऊन थांबतंय. नवीन जीसीसी (कंपायलर) टाकलंय, व्हर्जन बघितलं तर ११ दाखवतंय. मग याला जुना कंपायलर सापडतो कुठून? जुन्या कर्नलला नवं नेटवर्क कार्ड दिसत नाही आणि उद्या सकाळी मशीन द्यायचंय. लवकर सांगा.

गवंडी: डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठला? कर्नल कुठलं? एररखाली 'युअर जीसीसी' आणि 'मिनिमम जीसीसी' अशा ओळी येतात, त्या जशाच्या तशा टाका.

रात्रपाळी: सेंटओएस ७, कर्नल ६.१. युअर ४.८.५, मिनिमम ५.१.०.

देवगडकर: सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. डेबियन १२ टाका, ६.१ कर्नल आयतंच मिळेल. आमच्याकडे सगळं तिकडेच नेलंय.

रात्रपाळी: क्लायंटचं सॉफ्टवेअर फक्त सेंटओएस ७ वर चालतं. डिस्ट्रो बदलता येणार नाही.

पेंग्विनमामा: सोर्समधून जीसीसी बनवा, यूएसआर-बिनमधलं (सिस्टिमच्या कमांड्सचं फोल्डर) जुनं उडवून तिथे नव्याची लिंक द्या. मी नेहमी असंच करतो.

गवंडी: मामा, दुसऱ्याच्या मशीनवर हे नको. यमने (सेंटओएसचं पॅकेज टाकायचं साधन) जीसीसी अपडेट केलं की लिंक जाणार. शिवाय आत्ताच्या ३.१० कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे जोडभाग) बनवायला ४.८.५ च हवं.

पेंग्विनमामा: माझ्याकडे कधी काही बिघडलं नाही.

शुभदा_के: कर्नल ५.१५ च्या आधी जीसीसी ४.९ चालायचं, कर्नल ६.१६ पासून तर किमान जीसीसी ८.१ लागतं. चांगलंच आहे. जुन्या कंपायलरच्या बगांसाठी कर्नलमध्ये किती ठिगळं लावायची?

देवगडकर: सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विचारा, चांगलं आहे का ते!

टक्के_टोणपे: बिल्ड हळू होत असेल तर मेकला जे (एकावेळी किती कामं चालवायची तो पर्याय) लावून कोअरचा आकडा द्या. खूप फरक पडतो.

गवंडी: रात्रपाळी, ११ कसं टाकलं? आणि मेकची पूर्ण कमांड काय देताय?

रात्रपाळी: डेव्हटूलसेट-११ (नव्या जीसीसीचं पॅकेज), एससीएल कमांडने एनेबल करून. मग सुडो (अॅडमिनच्या हक्काने) मेक. सोर्स यूएसआर-एसआरसीमध्ये आहे, सुडोशिवाय लिहिताच येत नाही.

गवंडी: तिथेच अडकलंय. एससीएल फक्त त्या शेलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) बदलतं. सुडो तो पाथ टाकून स्वतःचा सिक्युअर-पाथ घेतं, त्यात ४.८.५ च आहे. सुडो लावून जीसीसीची व्हर्जन बघा, कळेल. सोर्स होम डिरेक्टरीत कॉपी करा, मालकी स्वतःकडे घ्या. कॉन्फिग (कर्नलच्या सेटिंगची फाइल) बाजूला ठेवून मेक एमआर-प्रॉपर (आधीच्या बिल्डची सफाई) चालवा, कारण ते कॉन्फिगही पुसतं. मग कॉन्फिग परत ठेवा, मेक ओल्ड-डेफ-कॉन्फिग (नवे पर्याय डिफॉल्टने भरतं), आणि सुडोशिवाय मेक. सुडो फक्त मॉड्यूल्स-इन्स्टॉल आणि इन्स्टॉलला.

रात्रपाळी: सुडोने खरंच ४.८.५ आलं! कॉपी केलं, एरर गेली. आता ओपनएसएसएलचं हेडर मिळत नाही म्हणतंय.

गवंडी: ओपनएसएसएल-डेव्हल टाका, सोबत एल्फयूटिल्स-लिबएल्फ-डेव्हल पण. नाहीतर पुढे ऑब्जटूलपाशी (कर्नल बिल्डमधलं एक साधन) थांबेल. यमला पॅकेज मिळालं नाही तर रेपोचा (पॅकेजच्या साठ्याचा) पत्ता व्हॉल्टवर (सेंटओएसचं जुन्या पॅकेजचं संग्रहस्थळ) वळवा.

रात्रपाळी: दोन्ही टाकली. बिल्ड चालू आहे.

टक्के_टोणपे: जे किती दिलंत?