कॅम्पर व्हॅनमधला खडखडाट शोधायचा कसा?

घाटवेडा (कोथरूड): मंडळी, ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅम्पर व्हॅन आहे, ताम्हिणी घाटात शिरलं की मागून नुसता खडखडाट आणि वर कुठेतरी लाकूड कुरकुरतं, आई म्हणते पुढच्या वेळी मी येणार नाही. सुरुवात कुठून करू?

भटकी: आधी गाडी रिकामी करा दादा, भांडी, चमचे, शेगडीवरच्या जाळ्या सगळं काढून त्याच खराब रस्त्यावर चक्कर मारा, बराच आवाज तिथेच जातो. मग दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही मागे बेल्ट लावून बसा, हात पोचेल ते कपाट दाबत जा, दाबल्यावर आवाज थांबला की सापडलं!

सुतारकाम: कुरकुर म्हणजे बहुतेक प्लायवर प्लाय घासतोय. वरच्या कपाटाची मागची कड टॉर्च मारून बघा, घासते तिथं चकचकीत रेघ पडलेली दिसते. स्क्रू ढिला करून मध्ये फेल्टची (जाड लोकरी कापडाची) पट्टी घाला नि परत बसवा. नुसतं आवळत बसू नका, प्लायमधलं भोक खराब होतं. दाराच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, रबर फुगतं.

घाटवेडा: आणि स्पीडब्रेकरवर हळू गेलं की खालून कुईं येतं ते?

सुतारकाम: पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या पट्टी-स्प्रिंगांच्या टोकांचे बुश असतील, गॅरेजमध्ये दाखवा. पण शेगडीचा गॅस सिलेंडर हलत असेल तर ते आधी, पट्ट्यानं घट्ट बांधा आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, आजच.