अमेरिकेतले दोन पक्ष खरंच उलटले का? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

*गोखले, ए-४०३:* सकाळच्या फॉरवर्डबद्दल. पूर्वी कृष्णवर्णीयांच्या बाजूचा पक्ष रिपब्लिकन होता आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांचा डेमोक्रॅट, नंतर दोघांनी जागा बदलल्या, असं सांगितलं जातं. पण वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला रिपब्लिकनांची ८० टक्के मतं आणि डेमोक्रॅटांची ६१ टक्के, म्हणून ही गोष्ट खोटी, असं त्यात म्हटलंय. आकडे खरे आहेत, पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही.

*सावंत, बी-२०१:* काका, तीच मतं प्रदेशवार लावून बघा. १० फेब्रुवारी १९६४, प्रतिनिधिगृह (संसदेचं कनिष्ठ सभागृह), २९० विरुद्ध १३०. गुलामगिरीवरून झालेल्या यादवी युद्धात फुटून निघालेली ११ राज्यं म्हणजे दक्षिण. ती वेगळी काढली की:

दक्षिण, डेमोक्रॅट: बाजूने ७, विरोधात ८७
दक्षिण, रिपब्लिकन: बाजूने ०, विरोधात १०
बाकी देश, डेमोक्रॅट: बाजूने १४५, विरोधात ९
बाकी देश, रिपब्लिकन: बाजूने १३८, विरोधात २४

बाकी देशात डेमोक्रॅट ९४ टक्के, रिपब्लिकन ८५. दक्षिणेत डेमोक्रॅट ७ टक्के, रिपब्लिकन शून्य. दोन्हीकडे डेमोक्रॅट पुढे आणि एकत्र बेरजेत मात्र रिपब्लिकन पुढे! कारण डेमोक्रॅटांच्या २४८ मतांपैकी ९४ मतं दक्षिणेतली होती, रिपब्लिकनांच्या १७२ पैकी फक्त १०. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. तेव्हा मतभेदाची खरी रेघ पक्षांमधून जात नव्हती, प्रदेशांमधून जात होती.

*फडके सर, सी-१०५:* हिशोब अगदी बरोबर. पण त्यावरून रिपब्लिकनांचं श्रेय कमी करू नका, ते अन्यायाचं होईल. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, दक्षिणेचे सदस्य भाषणं लांबवून विधेयक अडवून बसले होते. चर्चा थांबवायला तेव्हा दोन तृतीयांश, म्हणजे १०० पैकी ६७ मतं लागत. १० जून १९६४ ला ७१ मिळाली: ४४ डेमोक्रॅट, २७ रिपब्लिकन. इलिनॉयचे रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपली माणसं आणली नसती तर कायदा तिथेच अडकला असता.

*सावंत, बी-२०१:* मान्य सर. पण विरोधात गेलेल्या सहा रिपब्लिकन सिनेटरांपैकी एक बॅरी गोल्डवॉटर होते, आणि पक्षाने त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनाच उभं केलं. देशभर सपाटून हरले. स्वतःचं अॅरिझोना सोडलं तर जिंकले फक्त मिसिसिपी, अलाबामा, लुईझियाना, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं!

*पाटील, ए-१०२:* म्हणजे उलथापालथ १९६४ लाच झाली असं म्हणायचं का?

*फडके सर, सी-१०५:* नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते. कृष्णवर्णीय मतदार आणि दक्षिणेतले गोरे मतदार, दोघांचं घड्याळ वेगळं आहे.

कृष्णवर्णीय आधी सरकले. लिंकनपासून ते रिपब्लिकन पक्षाबरोबर होते. (जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांचं काम तेव्हा याच पक्षातून चाललं होतं.) १९३२ च्या मंदीतही कृष्णवर्णीयांचं बहुमत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्याकडे राहिलं. १९३४ मध्ये शिकागोत आर्थर मिचेल यांनी रिपब्लिकन ऑस्कर डी प्रीस्ट यांना हरवलं. दोघेही कृष्णवर्णीय, आणि मिचेल हे काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. १९३६ पासून बहुमत डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे. हे रोजगार आणि मदतीमुळे झालं, वंशाच्या प्रश्नावर रूझवेल्ट दक्षिणेला दुखवत नव्हते. ती हिंमत त्यांच्यानंतरचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी केली. १९४८ मध्ये आदेश ९९८१ काढून सैन्यातला वंशभेद संपवायला घेतला. त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत साउथ कॅरोलायनाचे डेमोक्रॅट स्ट्रॉम थर्मंड वेगळी चूल मांडून दक्षिणेतली चार राज्यं घेऊन गेले. तरी १९६० ला रिपब्लिकन उमेदवार निक्सनना कृष्णवर्णीयांची सुमारे एक तृतीयांश मतं होती. १९६४ ला गोल्डवॉटरना सुमारे ६ टक्के. झटक्यात झालेला बदल म्हणायचा तर हा एवढाच.

*गोखले, ए-४०३:* आणि दक्षिणेतले गोरे मतदार वरून खाली बदलत गेले. आधी राष्ट्राध्यक्षपदासाठी, मग सिनेट आणि प्रतिनिधिगृह, विधानसभा सगळ्यांत शेवटी. १९७२ ला निक्सननी अख्खी दक्षिण घेतली, पण १९७६ ला डेमोक्रॅट कार्टरनी व्हर्जिनिया सोडून सगळी परत मिळवली. प्रतिनिधिगृहातल्या दक्षिणेच्या जागांवर रिपब्लिकन बहुमत यायला १९९४ उजाडलं. अलाबामाची विधानसभा २०१० ला बदलली. म्हणून ‘उलटले’ हा शब्द मला पटत नाही. शिवाय उद्योगपतींशी जवळीक रिपब्लिकनांची पूर्वीही होती, आजही आहे.

*पाटील, ए-१०२:* पण मग पुढारी का नाही गेले? विरोध करणारे बहुतेक डेमोक्रॅट शेवटपर्यंत त्याच पक्षात राहिले, हा फॉरवर्डवाल्यांचा दुसरा मुद्दा आहे.

*सावंत, बी-२०१:* तो मुद्दा खरा आहे. सिनेटमध्ये विरोध करणाऱ्या २१ डेमोक्रॅटांपैकी रिपब्लिकन झाले एकटे थर्मंड, सप्टेंबर १९६४ मध्ये. पण कारण बघा. समित्यांची अध्यक्षपदं बहुमतातल्या पक्षाला, तीही ज्येष्ठतेने मिळत. मिसिसिपीचे डेमोक्रॅट सिनेटर ईस्टलँड १९५६ ते १९७८ न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते, आणि नागरी हक्कांची विधेयकं त्याच समितीत अडकत. पक्ष सोडला की ही सत्ता गेली, समोर फक्त अल्पमतातला बाक.

उलट उदाहरण प्रतिनिधिगृहातले साउथ कॅरोलायनाचे डेमोक्रॅट आल्बर्ट वॉटसन. गोल्डवॉटरचा प्रचार केला म्हणून डेमोक्रॅटांनी त्यांची ज्येष्ठता काढून घेतली. सोडायला काही उरलंच नव्हतं. १९६५ च्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि जूनमध्ये रिपब्लिकन म्हणून त्याच जागेवर निवडून आले.